सांगलीचं घर विकून रत्नागिरीला जावं का? माझं मत : जावं

गावभागकर
सरळ मुद्द्याला येतो. आमचं घर सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात, तळमजला. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला पुन्हा आलं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर परत आलो तर दार उघडेना, लाकूड फुगून चौकटीत बसलेलं. कपाटाचे खण गाळानं चिकटलेले. आईचा लग्नातला शालू हातात घेतला तो चिखलाचा गोळाच. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवर तीनदा रंग दिला, दोन पावसाळ्यांत ती पिवळी होऊन पुन्हा वर येते.

हळदीच्या व्यापारामुळे तीस वर्षं आंबा घाटातून माझं जाणं-येणं आहे. रत्नागिरीत घरं सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर, नाहीतर उतारावर, जांभ्याच्या लाल दगडी चिऱ्याची. पाऊस कितीही पडू दे, वाहून जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या पुढे, तिथे ३३ च्या आसपास. शहर आटोपशीर, माणसं शांत, जिल्ह्याचं ठिकाण असल्यानं दवाखाने, कचेऱ्या, रेल्वे सगळं हाताशी. नदी घरात शिरते, समुद्र शिरत नाही. पटत नसेल तर खोडून काढा.

मांडवीची लेक
दादा, माझं माहेर रत्नागिरी, सासर सांगलीत विश्रामबागला. एकवीस वर्षं झाली, दोन्हीकडची हवा अंगावर काढलीय, म्हणून बोलते.

तुम्ही तिथे दोन दिवसांसाठी जाता, लॉजवर उतरता. जुलैत महिनाभर राहिलात का कधी? सांगलीत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तिथे ३००० च्या वर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मीठ बरणीत पाझरतं, काडेपेटी ओढली की गूल नुसतं घासलं जातं, पेटत नाही. आई अजून चुलीवर आडवी काठी बांधून त्यावर कपडे टाकते, तरी त्यांचा कुबट वास जात नाही. कपाटातल्या चपलांना पांढरी बुरशी. आजीला सांधेदुखी होती, आषाढ-श्रावण ती ओटीवरून खाली उतरायची नाही.

आणि ३३ चं म्हणाल तर ते ३३ घामाचे. सांगलीत उन्हानं चटका बसतो, पण रात्री गच्चीवर झोप लागते. तिथे मे महिन्यात रात्रीसुद्धा अंग चिकट, लेकरांना घामोळं.

शिवाय समुद्र येत नाही हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मिऱ्याच्या लोकांना जाऊन सांगा. दर पावसाळ्यात उधाण आलं की बंधाऱ्याचे दगड ढासळतात, काठ आत-आत सरकतो. माडाची मुळं उघडी पडलेली मी स्वतः पाहिलीत.

सळई आणि चिरा
मिरजेचा आहे, दोन्हीकडे बांधकामं केलीत. गावभागकर म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. आपल्या काळ्या मातीत पाया म्हणजे डोकेदुखी. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला तडे जातात. तिथे जांभा लागला की पायाची काळजी बरीच कमी. चिऱ्याची भिंत, उतरतं छप्पर, पुढे पडवी ही पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल आहे.

पण इकडचे लोक तिथे जाऊन करतात काय? सांगलीसारखा सपाट स्लॅब टाकतात. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजली की फुगते, आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. खिडकीचे गज पापुद्रे सुटून हातात येतात. म्हणून तिथे स्लॅबवरही पत्र्याची शेड घालतात. दरवर्षी पावसाआधीची डागडुजी टळत नाही. पत्रा टाकला की वाऱ्याचं भय आलंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती घरांवरचं छप्पर राहिलं ते विचारा. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते.

सडाकिनारा
मी रत्नागिरीतच राहतो. घाटावरून कुणी राहायला येतंय याचा राग नाही. पण आमच्याकडे पाऊस धो धो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीला तळ, हे ऐकून येणाऱ्याला खरं वाटत नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही, तुम्ही ज्याला गुण म्हणता तोच हा अवगुण. सड्यावरच्या वाड्यांत टँकर येतो.

दुसरं जागेचं. सातबारा उघडून बघा, पाच गुंठ्यांवर वीस-वीस नावं. निम्मे मुंबईला, काहींचा पत्ता घरच्यांनाही ठाऊक नाही. एक सही अडली की व्यवहार अडला. किनाऱ्यालगत पाहाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाची बंधनं. चाकरमान्यांची बंद घरं बघून तुम्हाला वाटतं जागा मोकळी आहे. ती मोकळी नाही, गणपतीला ती दारं उघडतात.

माणसं शांत म्हणालात, ते खरं. पण शांत म्हणजे लगेच जवळ येणारी नव्हेत. भंडारी, कुणबी, खारवी, दालदी, ब्राह्मण, प्रत्येकाची वाडी, मोहल्ला, आळी ठरलेली. वर्ष-दोन वर्षं अंदाज घेतील, मग मात्र अडीअडचणीला मध्यरात्री येतील.

कृष्णाकाठ
मला एकाच गोष्टीचा त्रास होतोय, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गावभागकर, तुम्ही घर विकणार ते कुणाला? तीनदा बुडालेला तळमजला स्वस्तात कोण घेईल? ज्याला दुसरीकडे परवडत नाही तोच. पुढच्या पुरात त्याची बायकापोरं त्याच जिन्यावर बसतील.

पूर टळायला ओढे-नाले मोकळे करा, पूररेषेतली बांधकामं थांबवा, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर नेण्याला विरोध करा, यासाठी माणसं लागतात. ज्यांनी पाणी पाहिलंय तेच उठून गेले तर बोलणार कोण? आणि कोकण सुरक्षित म्हणता, तर २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्याच आठवड्यात सांगलीही बुडत होती. कोयनेचं पाणी नदीतून आपल्याकडे येतं आणि वीजघरातून वाशिष्ठीकडे जातं. डोंगर एकच आहे हो.

गावभागकर
कृष्णाकाठ, तुमचं लागलं. घर विकण्याचा विचार मी मागे घेतो. तळमजल्यावर राहायला कुणाला देणार नाही, गोदाम म्हणून वापरला तरी पावसाळ्यात रिकामा ठेवीन. पण म्हणून मी इथेच राहावं हे पटत नाही. दर ऑगस्टमध्ये फोन उशाला घेऊन झोपणं, रात्री दोनला उठून पातळी बघणं, हे तुम्ही करून बघा. आंदोलनाला मी रत्नागिरीहूनही येईन.

ताई, जुलैचं तुमचं बरोबर. भाड्यानं महिनाभर राहून बघतो, मगच पुढचं. अडचण वडिलांची आहे. वय ब्याऐंशी. काल विचारलं, तर म्हणाले, "तिथं पुलाचे फूट कोण सांगणार?" पावसाळ्यात सकाळी चहाआधी त्यांना तो आकडा लागतो. काय उत्तर द्यावं कळेना, गप्प बसलो.

मांडवीची लेक
दादा, काकांनाही घेऊन जा. भाड्याची खोली शोधू नका, आईचं माजघर रिकामं आहे. कोळशाची शेगडी आणि जाड पांघरुणं तिथे आहेत. फूट मी रोज सकाळी इथून फोनवर कळवत जाईन.