३.५ वॉटच्या २ए३ अॅम्पला कोणते स्पीकर जुळतील?

मंद्रसप्तक
नमस्कार. २ए३ या व्हॅक्यूम ट्यूबचा सिंगल एंडेड अॅम्प (पूर्ण लहर एकाच बाजूने वाढवणारा) आहे, फीडबॅक (आउटपुटचा अंश मागे देऊन चूक सुधारणं) नाही, चॅनेलमागे ३.५ वॉट. ८ ओहमच्या टॅपवर (त्या ओहमच्या स्पीकरसाठीच्या टर्मिनलवर) आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अॅम्पचा स्वतःचा रोध, २.५ ओहम. सध्याचे स्पीकर ४ ओहमचे, पत्रकावर सेन्सिटिव्हिटी (ठरावीक सिग्नलला १ मीटरवर किती आवाज) ८७ डीबी. बसायची जागा ३ मीटरवर. आवाज जरा वाढवला की तालवाद्यांचे ठोके बोथट होतात. दोन पर्याय आहेत: बॅकलोडेड हॉर्नमध्ये (ड्रायव्हरच्या मागचा आवाज भोंग्यातून बाहेर काढणाऱ्या पेटीत) ८ इंची फुलरेंज, म्हणजे सगळे स्वर वाजवणारा एकच ड्रायव्हर, किंवा १२ इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि हॉर्न ट्वीटर (वरच्या स्वरांचा) यांचा टू-वे. नुसता डीबीचा आकडा बघून घेतलं तर चालेल का?

ओहममापक
आधी तो ८७ कसा मोजलाय ते बघा. '२.८३ व्होल्ट, १ मीटर' असं लिहिलं असेल तर ४ ओहमला तेवढ्यात २ वॉट जातात, म्हणजे १ वॉटला खरे ८४च. ३.५ वॉटने त्यात ५.४ डीबी वाढतात. ३ मीटरवर मोकळ्या जागेच्या हिशेबाने ९.५ डीबी जातात, दोन स्पीकरमुळे ३ परत येतात. राहिले ८३, तेही शिखराला. सरासरी त्याच्या १५-२० डीबी खाली, साध्या बोलण्याइतकी. ठोके बोथट होणारच! खऱ्या ९६ डीबीच्या स्पीकरला हाच हिशेब ९५ वर जातो.

गरज किती ते मोजूनच ठरवा. एखाद्या ट्रान्झिस्टर अॅम्पवर हेच स्पीकर लावा आणि सगळ्यात जोरात जिथे ऐकता तिथे नॉब ठेवा. नॉब न हलवता उणे १२ डीबीएफएसचा (डिजिटल कमाल पातळीच्या १२ डीबी खालचा), २२० हर्ट्झचा साइन टोन वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. आकडा ४ ने गुणा (१२ डीबी म्हणजे व्होल्ट चौपट), वर्ग करा, ओहमने भागा. १.५ व्होल्ट आले तर ६ चा वर्ग ३६, भागिले ४, म्हणजे ९ वॉट. तुमच्याकडे ३.५ आहेत, म्हणजे ४ डीबी कमी पडतात. ८४ अधिक ४ हे किमान झालं. त्यावर ६ डीबीची मोकळीक धरा, ९४ च्या खाली जाऊ नका.

भोंगा
डीबीइतकाच इम्पीडन्सचा आलेख (स्वराच्या फ्रीक्वेन्सीनुसार स्पीकरचा रोध कसा बदलतो) महत्त्वाचा. २.५ ओहमच्या अॅम्पवर स्पीकर कुठे ५ आणि कुठे ४० ओहम असेल, तर तेवढ्यानेच आवाजात ३ डीबीचा चढउतार येतो. टू-वेमध्ये क्रॉसओव्हरपाशी (वूफर आणि ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणारं सर्किट जिथे वाटणी करतं तिथे) इम्पीडन्सचा उंचवटा असतो, त्यामुळे गाणाऱ्याचा आवाज पुढे येऊन टोचतो. वूफरच्या इम्पीडन्सचा वरच्या बाजूचा चढ झोबेलने (रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जोडीने) सपाट होतो: वूफरचा डीसी रोध ६ ओहम आणि इंडक्टन्स ०.६ मिलिहेन्री असेल, तर ७.५ ओहम आणि १० मायक्रोफॅरड एकमेकांना सिरीजमध्ये, ही जोडी वूफरला पॅरलल. क्रॉसओव्हरचा उंचवटा मात्र याने जात नाही.

खालच्या टोकाला दुसरी अडचण. २.५ ओहममुळे त्याच ६ ओहमच्या वूफरचा क्यूईएस (कोनला विजेने किती ब्रेक लागतो याचा आकडा, जास्त म्हणजे ब्रेक कमी) ०.४ वरून ०.५७ होतो, आणि पोर्टवाल्या (हवेसाठी नळी असलेल्या) पेटीचा बास घुमतो. पोर्टमध्ये सैल स्पंज घालून बघा. ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपला लावणं त्याहून सोपं: आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो, विकृती घटते, वॉट थोडे कमी होतात.

मंद्रसप्तक
मग फुलरेंज सोडूनच द्यावा का?

ओहममापक
नाही. क्रॉसओव्हर नसल्याने अॅम्पला तो सोपा जातो, आणि गायन किंवा दोन-तीन वाद्यांना फार सुंदर वाजतो. पण छोट्या व्हिझर कोनवाले (वरच्या स्वरांसाठी मधोमध जास्तीचा कोन असलेले) ड्रायव्हर २ ते ५ किलोहर्ट्झला ओरडतात, ते घेण्याआधी ऐकाच. हॉर्नची पेटीही मोठीच लागते: लहान पेटी, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी तिन्ही एकत्र मिळत नाहीत. मोठा वाद्यवृंद ऐकत असाल तर टू-वे घ्या, पण इम्पीडन्स कुठेही ६ ओहमखाली न जाणारा.

भोंगा
टॅप बदलताना अॅम्प बंद करा आणि वायर पक्क्या लावूनच चालू करा. स्पीकर न जोडता सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये ठिणगी पडून तो जळू शकतो.