३२ शब्दांचं पुस्तक वाचनालयात घ्यावं का? (चित्रांची पुस्तकं आणि साहित्य)

दुसरा_मजला

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या सोसायटीत (डोंबिवली) क्लबहाऊसच्या कोपऱ्यात छोटंसं वाचनालय सुरू केलंय, दोन लोखंडी कपाटं आणि एक सतरंजी एवढाच संसार. मुलांच्या पुस्तकांसाठी कमिटीने ८००० रुपये मंजूर केले आणि निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी यादी केली त्यात निम्मी चित्रांची पुस्तकं, ३ ते ६ वर्षांच्या पोरांसाठी. नमुना म्हणून घरातली दोन-तीन मीटिंगला घेऊन गेले तर आमच्या खजिनदार काकांनी त्यातलं एक उचललं, चष्मा वर करून अक्षरशः शब्द मोजले आणि म्हणाले, "ताई, हे ३२ शब्द. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत जास्त होते." सगळे हसले, मीपण हसले, आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

आता गंमत अशी की मला ते पुस्तक प्रचंड आवडतं पण का आवडतं ते काकांना सांगता येईना. काय नको ते कळतं हो: बशीएवढ्या डोळ्यांचे ससे, चकचकीत कागद आणि शेवटच्या पानावर "म्हणून मुलांनो नेहमी खरे बोलावे". पण हवंय ते काय? चित्रांच्या पुस्तकात साहित्य म्हणतात ते नक्की कुठे असतं, शब्दांत की चित्रांत? उगाच "कल्पनाशक्तीला चालना मिळते" छापाचं उत्तर नको, ते मी देऊन झालंय आणि त्याला काका म्हणाले कल्पनाशक्तीला आकाशाकडे बघूनही चालना मिळते, तेही फुकट.

सागवान

३२ शब्द म्हणजे ते कोंबडीचं का? रोझीज वॉक, पॅट हचिन्सचं, १९६८ चं? असेल तर तुमचं उत्तर त्याच पुस्तकात आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, अंगण ओलांडून, तळ्याभोवती, गवताच्या गंजीवरून, गिरणीच्या बाजूने, कुंपणातून, मधमाशांच्या पेट्यांखालून, आणि जेवायच्या वेळेला घरी परत. संपलं. अख्खं पुस्तक म्हणजे एक वाक्य. नुसतं वाचलं तर शब्दयोगी अव्ययांचा धडा वाटेल. पण चित्रात पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलाय, तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून थोबाडावर दांडा खातो, मग तळ्यात पडतो, मग गंजीत, मग पिठाचं पोतं अंगावर. आणि ह्या कोल्ह्याबद्दल पुस्तकात एक शब्द नाही. एकही नाही!

मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पहिलीला. पोरं घरी कोरकू बोलतात, आमचं मराठीचं पुस्तक त्यांना परकंच असतं, पहिले काही महिने वर्गात नुसती शांतता. हे पुस्तक माझ्याकडे इंग्रजीतलं आहे, मी मराठीत सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अगदी गंभीर चेहरा करून फक्त कोंबडीचं वाचत होतो आणि तिसऱ्या पानाला पोरांना राहवेना, उठून येऊन चित्रावर बोट आपटायला लागली. सर तुम्हाला दिसत नाही का! म्हणजे वाचणाऱ्या मास्तरपेक्षा वाचता न येणाऱ्या पोराला जास्त माहिती आहे अशी ही वस्तू आहे. आमच्या धंद्यात असं फार कमी वेळा होतं.

पुढची गोष्ट महत्त्वाची. एक मुलगा म्हणाला कोंबडीला सगळं माहितीये, ती मुद्दाम त्याला तिकडून तिकडून नेतेय. दुसरी म्हणाली छे, तिला काही पत्ता नाही. दोघांची जुंपली. मी पुन्हा सगळी पानं बघितली, रोझीचा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच, कुणाच्याच बाजूने निकाल देता येत नाही. आता मला सांगा, मोठ्यांच्या कादंबरीवर अशी भांडणं झाली की आपण तिला साहित्य म्हणतोच ना?

जुनी_सायकल

मी काकांच्या बाजूने, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

वर जे सांगितलं ते छान आहे पण ते चित्राचं कौतुक झालं. त्याला चित्रकला म्हणा, विनोदी चित्रमालिका म्हणा. साहित्य हे भाषेचं असतं. आम्हाला आजीने चिऊ-काऊ सांगितली तेव्हा समोर कुठलं चित्र होतं? मेणाचं घर कसं दिसतं ते प्रत्येकाने आपापलं बनवलं, माझं तर आमच्या देव्हाऱ्यासारखं होतं. चित्र दाखवलं की ते घर कायमचं ठरून गेलं. मला वाटतं चित्रं पोरांच्या डोक्यातली जागा अडवतात. शिवाय आता सगळा दिवस स्क्रीनवर चित्रंच बघतात, पुस्तकात तरी शब्द राहू द्या की.

कुडाळकर

सायकलराव, तुमचा मुद्दा चिऊ-काऊसाठी खरा आहे, पण आपल्याकडे गोष्ट नेहमीच चित्राशिवाय सांगितली जायची असं नाही. आमच्या कुडाळच्या शेजारी पिंगुळी आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या रामायण-महाभारतातली आख्यानं चित्रं दाखवून गातात. सुट्या कागदांवर चित्रं, एका आख्यानाची चित्रं मिळून एक पोथी. हो, पोथीच म्हणतात तिला, जरी तिच्यात वाचायला अक्षर नसलं तरी! परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये ह्याच कलेसाठी पद्मश्री मिळाली.

मी लहानपणी समोर बसून ऐकलंय. माणूस गातोय, चित्र समोर उभं आहे, त्यात रथ आहे, धनुष्य ताणलेलं आहे, आणि बाण काही सुटत नाही. तो सोडेल तेव्हा. गाणं लांबवत लांबवत नेणार, आपण कागदाकडे टक लावून बसलेले, आणि मग तो कागद बाजूला घेतो आणि पुढचा येतो. त्या एका क्षणासाठी सगळं. कुणी म्हणेल ही चित्रकला, कुणी म्हणेल गायन, पण आमच्या गावात ती "कथा"च होती. नाटकाची संहिता नुसती वाचली की अर्धीच कळते म्हणून तिला साहित्यातून कुणी काढत नाही. मग पोरांच्या पुस्तकालाच हा नियम का?

डीटीपीवाला

कुडाळकरांनी कागद बदलायचं जे सांगितलं तोच माझा मुद्दा, फक्त प्रेसच्या बाजूने. २० वर्षं पुस्तकांची पानं लावतोय (पुणे), त्यातली बरीच मुलांची.

चित्रांची पुस्तकं बऱ्याचदा ३२ पानांची का असतात माहितीये का, कारण १६ पानांचे दोन फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं) नीट बसतात, कागद वाया जात नाही. म्हणजे लेखकाच्या हातात मोजकी पानं, त्यातून टायटल, क्रेडिट वगैरे गेलं की गोष्टीला उरतात साधारण बारा-चौदा जोडपानं (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं). म्हणजे पान उलटायच्या जागा तेवढ्याच. चांगल्या पुस्तकात प्रत्येक उलटणं कामाला लावलेलं असतं, उजवीकडच्या पानावर काहीतरी अडकवून ठेवायचं आणि ते उलटल्यावरच सोडायचं. रोझीत बघा, कोल्हा झेप घेतो ते एका जोडपानावर आणि आपटतो ते पुढच्या. वाईट पुस्तकात तुम्ही पानं कुठेही तोडली तरी फरक पडत नाही, कारण ती गोष्ट आधी टाइप केली आणि मग "आता ह्याला चित्रं टाका" म्हणून कुणाकडे तरी पाठवली. मी अशी शेकड्याने लावलीत, मजकुरात "लाल फ्रॉक घातलेली मिनी झाडाखाली बसली होती" आणि चित्रात काय, तर लाल फ्रॉक घातलेली मिनी झाडाखाली बसलीये. अरे मग सांगता कशाला? दोघांपैकी एकाला तरी घरी पाठवा.

मॉरिस सेन्डाकचं व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर (१९६३, पुढच्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे अमेरिकेतलं चित्रांच्या पुस्तकांचं मोठं बक्षीस, मिळालं) कुठे मिळालं तर शब्द न वाचता नुसती चित्रांची साइज बघत जा. पोराला आई रागावून खोलीत पाठवते तेव्हा चित्र लहान आहे, भोवती पांढरी जागा. त्याचं मन जसजसं भरकटतं तसं चित्र वाढत जातं, पान भरतं, शेजारच्या पानावर घुसतं आणि ऐन धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर शब्द नाहीतच. मग परत आवरायला लागतं. आणि शेवटच्या पानावर चित्र नाही, फक्त शब्द, की आईने ठेवलेलं जेवण अजून गरम होतं. आई अख्ख्या पुस्तकात एकदाही दिसत नाही. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मशीनवर काम सोडून बसलो होतो, खोटं नाही सांगत.

अजून एक धंद्यातली गोष्ट, यादी करताना उपयोगी पडेल. एकच पुस्तक चार-पाच भाषांत काढायचं असेल तर रंगीत छपाई एकदाच करतात आणि भाषेप्रमाणे फक्त काळ्या शाईची छपाईची प्लेट बदलतात, म्हणून मजकूर नेहमी काळा. स्वस्त पडतं, त्याच्यामुळेच आपल्याला बरीच पुस्तकं परवडतात, त्याला नावं नाही ठेवणार. पण मूळ इंग्रजीसाठी सोडलेली जागा मराठीला पुरत नाही, आपल्याला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, ओळींमध्ये हवा लागते. मग टाइप बारीक करतात नाहीतर ओळी चिकटवतात. उघडून बघा, उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकला असेल तर नव्याने वाचणाऱ्या पोराचे हाल आहेत. आणि मधल्या शिवणीत कुणाचं तोंड गेलंय का तेही बघा. हे साहित्य नाही, पण ज्याने एवढं बघितलं नाही त्याने बाकीचंही बघितलं नसतं, हा माझा अनुभव.

आज्जी_टोरांटो

सगळ्यांचं वाचलं, मजा आली. माझी परीक्षा एकदम सोपी आहे: रात्री सलग पंधरा दिवस तेच पुस्तक मोठ्यांदा वाचायचं. नातू ४ वर्षांचा आहे, "पुन्हा" हा त्याचा सगळ्यात स्पष्ट मराठी शब्द. चौथ्या रात्री ज्याचा वीट येतो ते पुस्तक पहिल्या रात्रीच लबाड होतं.

आणि इथे मी सायकलभाऊंच्या थोडी जवळ जाते. शब्द कमी असले म्हणून कसेही चालत नाहीत, उलट कमी आहेत म्हणून एकेक तोलून हवा. चिऊ-काऊमध्ये "थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते" हे इतकं का चालतं, कारण बाहेर पाऊस चालूये, कावळा भिजतोय आणि आत एकेक काम सावकाश होतंय. तो "थांब" जितका हळू म्हणाल तितकी पोरं हसतात. म्हातारीचं "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" घ्या, त्याच्यात अर्थ किती आणि उड्या किती! भाषांतरित पुस्तकांत नेमकं हेच जातं. मागे मुलीने एक आणलं, त्यात अस्वल म्हणतं "मी खूप उत्साहित आहे". आता सांगा, कुठलं मराठी अस्वल असं बोलेल? नातवाने विचारलं आज्जी उत्साहित म्हणजे काय, मी म्हटलं भूक लागलीये. कुणी तक्रार केली नाही.

मराठीत मुळातून लिहिलेलं हवं असेल तर माधुरी पुरंदरे घ्याच. त्या लिहितात पण स्वतः आणि चित्रं पण स्वतःच काढतात, त्यामुळे डीटीपीवाले म्हणतात तसं लाल फ्रॉक दोनदा येत नाही. त्यांच्या पुस्तकातली घरं आपल्या घरांसारखी दिसतात, माणसंसुद्धा एकमेकांशी आपल्यासारखी बोलतात. काकांना शिक्का लागत असेल तर सांगा की २०१६ साली बिग लिटल बुक अवॉर्ड (मुलांच्या पुस्तकांसाठीचं) पहिल्यांदाच दिलं तेव्हा लेखनासाठी ते त्यांना मिळालं होतं. आणि पैसे कमी पडले तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, सगळ्याच चांगल्या आहेत असं नाही म्हणणार, पण मोठ्यांदा वाचून चाळून घ्या.

जुनी_सायकल

ठीक आहे, चित्रकथींचा मुद्दा मान्य, ते मला सुचलं नव्हतं. आज्जींचं अस्वल तर पूर्ण मान्य. पण माझं देव्हाऱ्यासारखं मेणाचं घर मी सोडणार नाही. काही गोष्टी बिनचित्राच्याच राहू द्या, एवढी विनंती. वाचनालयात महिन्यातून एकदा पुस्तक न उघडता गोष्ट सांगायचा कार्यक्रम ठेवा.

सागवान

@जुनी_सायकल हे मात्र एकदम पटलं. आमच्याकडे शनिवारी पोरंच सांगतात, त्यांच्या भाषेत, मी ऐकतो. मला निम्मं कळत नाही. बरोबरीचं होतं.

दुसरा_मजला

अपडेट देते. काल मीटिंग झाली. भाषण वगैरे केलं नाही, सागवान सरांची आयडिया चोरली. रोझी उघडलं आणि तोंडाचा चंबू करून फक्त कोंबडीचं वाचत गेले. सेक्रेटरी वहिनी दुसऱ्याच पानाला फुटल्या. कुलकर्णी काकू "अगं बाई पीठ पीठ" म्हणून ओरडल्या, पोतं पडायच्या आधीच. खजिनदार काका शेवटपर्यंत हाताची घडी घालून. मग म्हणाले, "कोल्हा मलाही दिसतोय ताई. पण तो पुस्तकात लिहिलाय कुठे?"

मी म्हटलं काका, कुठेच नाही. ते म्हणाले, तेच तर म्हणतोय मी.

असो. यादी पास झाली, सहा विरुद्ध एक. आज्जींच्या सल्ल्याने चार भाषांतरित पुस्तकं मोठ्यांदा वाचून काढून टाकली, त्यातल्या एकात खार "मी तुझी प्रशंसा करते" म्हणत होती. आणि उकार-मात्रा बघून अजून दोन उडाली, डीटीपीवाले, आता मला सगळीकडे तेच दिसायला लागलंय, दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा, ह्याचं काय करू सांगा. गोष्ट सांगायचा कार्यक्रम महिन्याच्या पहिल्या रविवारी ठेवलाय, पुस्तक न उघडता.

काकांनी शेवटी एकच विचारलं, प्लॅस्टिकच्या कव्हरांचा खर्च ८००० मध्ये धरलाय की वेगळा? नव्हता धरला. कुणाला होलसेलमध्ये कुठे मिळतात माहीत असेल तर सांगा, साइज वेड्यावाकड्या आहेत, एक तर चक्क आडवं आहे.