मदत हवी आहे: द्राक्ष बागायतदारांच्या मुलाखती माणसाकडून लिहून घ्याव्यात की सॉफ्टवेअरकडून?

नमस्कार मंडळी,

निफाड, दिंडोरी आणि सटाणा भागातल्या जुन्या द्राक्ष बागायतदारांच्या मुलाखती मी रेकॉर्ड केल्या आहेत. बहुतेक जण पंच्याहत्तरीच्या पुढचे. भोकरी आणि पंढरी साहेबी हे जुने वाण मागे पडून बिनबियांची थॉमसन कशी आली, पहिला मांडव कुणाच्या भरवशावर घातला, कर्ज कसं फेडलं, असं सगळं त्यात आहे. एकूण चाळीसेक तासांचं बोलणं. ते सगळं लिखित स्वरूपात आणायचंय, आणि त्यांच्याच शब्दांत. हा माझा हट्ट समजा.

व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहून देणारं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. फुकट आहे, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. ओसरीवर बसून निवांत झालेल्या मुलाखती बऱ्यापैकी उतरल्या. बागेत, मागे ब्लोअर चालू असताना घेतलेल्या मात्र पार विस्कटल्या. एक बाबा म्हणाले होते, "गोडी छाटणी झाली का भुरीचं भ्या." भुरी म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग; त्याचं "पुरीचं भय" झालं. "वलांडा"चं (वेलीची आडवी फांदी) "ओलांडा" झालं. असल्या चुका निदान दिसतात तरी. पण दुसऱ्या एका ठिकाणी "त्या साली फवारणी केलीच नव्हती" याचं "केलीच होती" झालंय आणि वाचताना काही म्हणजे काही खटकत नाही. बाबा बोलता बोलता थांबले, तिथे कुणीच न उच्चारलेलं "धन्यवाद" उमटलंय.

मग नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ टायपिंग करणाऱ्या एकांना थोडा भाग दिला. काम नेटकं, वेळेत. पण "व्हतं"चं "होतं", "म्हंजी"चं "म्हणजे", आणि अर्धवट सोडलेली वाक्यं सगळी पूर्ण करून दिली. फाइल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये; ती युनिकोडमध्ये आणायचं काम वेगळंच.

जाणकारांनी सांगावं, अशा कामाला कोणता मार्ग धरावा? आधी सॉफ्टवेअर आणि मग माणसाकडून दुरुस्ती, की सुरुवातीपासून माणूसच? दर कुणी मिनिटावर सांगतं, कुणी पानावर. कशावर ठरवावा? आगाऊ धन्यवाद.

कळफलक:
टायपिस्टवर रागावू नका. टायपिंगच्या परीक्षेत चूक म्हणजे गुण गेले, त्यामुळे हात आपोआप शुद्ध लिहितो. काम देतानाच लेखी सांगा: जसं बोललं तसं, "व्हतं" तर "व्हतं"च, अर्धं वाक्य अर्धंच. ऐकू आलं नाही तिथे अंदाज न करता "अस्पष्ट" लिहून रेकॉर्डिंगमधली वेळ टाकायची. सोबत तुमच्या विषयाच्या शब्दांची यादी द्या: भुरी, करपा, डाऊनी, वलांडा, जीए, डिपिंग, बेदाणा. ती नसेल तर माणूसही "पुरी"च ऐकेल. युनिकोडची अट पहिल्याच दिवशी घाला.

दर रेकॉर्डिंगच्या मिनिटावर ठरवा, पानावर नको. पानं फुगवता येतात. आणि वेळेचा अंदाज असू द्या. एका तासाच्या स्वच्छ रेकॉर्डिंगला सरावलेल्या माणसाचेही चारेक तास जातात. दोघं-तिघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतील तर त्याहून जास्त. एवढा वेळ लागणारं काम कुणी फार स्वस्तात देत असेल, तर तोही मशीनमधूनच काढून देतोय की काय ते विचारा.

गंगापूर रोडकर:
"होती-नव्हती"चं कारण सांगतो. व्हिस्पर २०२२ साली आलं तेव्हा ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं. त्यातले इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांना मिळून सुमारे १,१७,००० तास. म्हणजे मराठीच्या वाट्याला काय आलं असेल, बघा. ते ३०-३० सेकंदांचे तुकडे ऐकतं आणि पुढचा शब्द काय असावा ते ठरवत जातं. आवाज खराब असला की कानाऐवजी सवयीवर चालतं, म्हणून वाक्य सफाईदार आणि अर्थ उलटा. शांततेतही काहीतरी भरतं. लांब शांतता आधी कापून टाका.

सुरुवातीला सूचना म्हणून शब्दयादी देता येते, त्याने भुरी-वलांडा पुष्कळ सुधारेल. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटाची भारतीय भाषांसाठीची मॉडेल्सही वापरून बघा. कोण बोलतंय हे व्हिस्पर एकट्याने सांगत नाही, ते हातानेच.

निवडायचं कसं, तर दहा मिनिटं स्वतः नीट लिहा, मग प्रत्येकाचं काम त्याच्याशी ताडून पाहा. बदललेले, गाळलेले आणि घुसडलेले शब्द मोजून एकूण शब्दांनी भागा. पण "नाही" गाळलं तर ती एकच चूक बाकी सगळ्यांना भारी. ती वेगळी मोजा.

आणि एक कळकळीची विनंती: कर्ज, भाऊबंदकी, जमिनीचे वाद असलेली रेकॉर्डिंग्ज कुठल्याही वेबसाइटवर चढवू नका. घरच्या कॉम्प्युटरवरच करा. त्या माणसांनी तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलंय.

बागलाणची लेक:
सटाण्याकडची मंडळी रंगात आली की अहिराणीवर जातात. "मी जाई राहिनू" म्हटलं की सॉफ्टवेअर त्याची ओढूनताणून मराठी करतं, नाहीतर हिंदी. नाशिक शहरातल्या टायपिस्टलाही ते जमेलच असं नाही. तेवढा भाग घरात अहिराणी बोलणाऱ्यालाच द्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. खूप मोठी अडचण सुटली. असं ठरवतेय: ओसरीवरच्या मुलाखती आधी घरच्या कॉम्प्युटरवर शब्दयादी देऊन काढायच्या आणि मग मी स्वतः रेकॉर्डिंग ऐकत ओळ न् ओळ तपासायची. नुसतं वाचून तपासणं बंद, कारण "नव्हती" वाचून सापडतच नाही. बागेतल्या मुलाखती थेट माणसाकडे, लेखी सूचनांसह, मिनिटाच्या दराने. कर्जाचा आणि वाटणीचा भाग बाहेर द्यायचाच नाही, तो मीच लिहीन. दहा मिनिटांची कसोटी दोघा-तिघांची घेते आणि आकडे इथेच टाकते.

अहिराणीचं मात्र अजून अडलंय. सटाणा-कळवणकडचं कुणी हे काम मोबदला घेऊन करणार असेल, किंवा तसं कुणी माहीत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. युनिकोड टायपिंग येत नसलं तरी चालेल, वहीत हाताने लिहून दिलं तर मी टाइप करून घेईन.