लोकसत्ता की मटा? (आणि आमच्या तालुक्याचं काय?)

खडूस काका:
परवा कोणीतरी लिहिलं की "विचार करणारा माणूस लोकसत्ता घेतो, बाकीचे मटा चाळतात." सोडून देणार होतो, पण डोक्यात भुणभुण थांबेना म्हणून लिहितोच. विचाराचा ठेका एकाच पेपरने घेतलाय का? गोविंद तळवलकर १९६८ ते १९९६ महाराष्ट्र टाइम्सचे, म्हणजे मटाचे, संपादक होते, सोव्हिएत रशिया कोसळत होता तेव्हा ते काय चाललंय हे मराठीत नीट समजावून सांगणारा तो माणूस होता, आमचे वडील अग्रलेख कात्रीने कापून वहीत चिकटवायचे आणि खळ सुकायच्या आत कोणी वही उघडली तर ओरडा खायचा. ते सगळं चाळणंच होतं का? आणि तुमच्या त्या विचारी पेपरने मार्च २०१६ मध्ये 'असंतांचे संत' हा मदर तेरेसांवरचा अग्रलेख छापून दुसऱ्याच दिवशी मागे घेतला, ते कुठल्या विचारात बसतं तेही सांगा.

तिरकस:
ते वाक्य माझंच आहे काका, आणि मागे घेत नाही. (अग्रलेख मागे घेतला ते मलाही आवडलं नव्हतं, पण निदान मागे घेण्यासारखं काहीतरी लिहिलं होतं.) तळवलकर १९९६ ला निवृत्त झाले हो, अजून किती वर्षं त्यांचंच व्याज खाणार? आजचं बोला. सणासुदीला मटा हातात घेतला की आधी बिल्डरचं जॅकेट, म्हणजे पेपरभोवती गुंडाळलेली पानभर जाहिरात, मग आत अजून एक अर्धं जॅकेट, मग कुठे पहिलं पान.

खडूस काका:
लोकसत्तेला जॅकेट नसतं? चष्मा बदला. आणि कुमार केतकर आधी मटाचे संपादक होते, नंतर लोकसत्ताचे. मग त्यांचा विचार बोरीबंदरला मटाच्या ऑफिसात सुटला आणि नरिमन पॉइंटला लोकसत्तेच्या ऑफिसात उगवला असं समजायचं का?

जुनी वाचक:
मी शनिवारी चतुरंग पुरवणीसाठी लोकसत्ता घेते आणि रविवारी संवाद पुरवणीसाठी मटा, पेपरवाला वैतागतो पण देतो. तुम्ही सगळे अग्रलेखावर भांडताय, वाचकांच्या पत्रांबद्दल कोणी बोलणार की नाही? एका पेपरने माझ्या पत्रातला 'परंतु'च्या पुढचा सगळा भाग उडवला, छापून आलं ते मी ज्याच्या विरोधात लिहिलं होतं त्याचीच स्तुती. सोसायटीत लोक अभिनंदन करत होते. तेव्हापासून पत्र लिहिणं बंद.

अर्धविराम:
दोन्ही पेपरांत 'की' आणि 'कि' यातला फरक कळणारा माणूस उरलेला नाही. बाकी चालू द्या.

बिनपगारी:
हसू येतं तुमचं. लोकसत्ता की मटा हा प्रश्न ठाण्याच्या पलीकडे कितीजणांना पडतो? आमच्या एसटी स्टँडवर पुढारी, सकाळ, लोकमत जातात, कारण त्यात तालुक्याचं पान असतं. पूल वाहून गेला, बाजार समितीत कांद्याला काय भाव निघाला, हे तुमच्या विचारी पेपरात शोधून दाखवा.

तिरकस:
आणि त्या तालुक्याच्या पानावर असतं काय? 'अमुकतमुक यांचा वाढदिवस उत्साहात साजरा.' शाल, श्रीफळ, सत्कार. याला बातमी म्हणायची?

बिनपगारी:
नाही म्हणायची. पण ती तिथे का येते ते माझ्याकडून ऐका, मी एका मोठ्या पेपरचा तालुका वार्ताहर होतो. मानधन एवढं की महिन्याचं पेट्रोलसुद्धा निघत नाही, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन आणि साहेबांचा वाढदिवस, प्रत्येकाचं टार्गेट वेगळं, ते जिल्हा ऑफिसातून फोनवर येतं आणि फोन करणाऱ्यालाही वरून फोन आलेला असतो. ज्या सरपंचाकडून अर्धं पान आणलं त्याच्याच रस्त्याचं डांबर पहिल्या पावसात वाहून गेलं तर बातमी कुठल्या तोंडाने लावायची? आणि पैसे तरी सुखाने मिळतात का! एकदा जाहिरातीत वरच्या ओळीत साहेबांचा फोटो दादांच्या फोटोपेक्षा नखभर लहान झाला म्हणून पार्टीने बिलच दिलं नाही, ती रक्कम माझ्या कमिशनमधून वळती झाली. फोटो लावला डीटीपीवाल्याने, भरली मी.

खडूस काका:
वाईट आहे, पण विषय तो नाही. धागा लोकसत्ता आणि मटाचा आहे.

तिरकस:
पटत नव्हतं तर सोडायचं होतं, कोणी बांधून ठेवलं होतं? जाहिरात आणणाऱ्याने पत्रकारितेवर बोलू नये एवढंच माझं म्हणणं.

बिनपगारी:
वा! बिल्डरचं जॅकेट छापतो तो संपादक आणि सरपंचाची जाहिरात आणतो तो दलाल, असंच ना? २००९ च्या निवडणुकांत पेड न्यूजवरून, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरून, गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलने समिती नेमली, तिने पेपरांची नावं घेऊन अहवाल दिला तर तो अख्खा बाहेर यायला २०११ उजाडलं, तेही माहिती आयोगाने सांगितल्यावर. ती पॅकेजं काय आमच्यासारख्या पोरांनी ठरवली होती? एसीत बसून अग्रलेख वाचणं सोपं असतं मित्रा. बातमी लावली म्हणून रात्री दारात जीप येऊन उभी राहते तेव्हा तुमचा विचार कामाला येत नाही.

सदाशिव पेठी:
इतका वेळ सकाळचा इतिहास कोणी काढला नाही म्हणून मला यावं लागलं. नानासाहेब परुळेकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३२ ला सकाळ काढला, तेव्हा गावोगावचे बातमीदार हीच त्या पेपरची ताकद होती. बिनपगारी जे सांगतायत ती त्याच पद्धतीची नंतर झालेली माती आहे.

तिरकस:
सकाळ! 'मुक्तपीठ' वाचून झालं की बोलू. शिवाय १९८५ पासून पेपर पवारांच्या घरातला, लोकमत दर्डांचा, घरात मंत्रिपद आणि खासदारकी दोन्ही येऊन गेलेली. निदान लोकसत्ता, मटाच्या मालकांना आमदारकीचं तिकीट नको असतं.

सदाशिव पेठी:
मुक्तपीठला हसायचं नाही. मोलकरणीवर, मांजरावर, अमेरिकेतल्या नातवावर सामान्य माणूस तिथे लिहायचा. आणि तुम्ही नावं ठेवायला म्हणून दर वेळी पूर्ण वाचायचात.

जुनी वाचक:
हे मात्र खरंय. मी पण.

खडूस काका:
मालकांचं तिरकस बोलले ते अर्धं मान्य. तिकीट नको असतं, जाहिरात सगळ्यांना हवी असते, सरकारी तर आधी हवी. त्यामुळे फार फुशारकी नको.

तिरकस:
ठीक आहे, 'दलाल' हा शब्द मी वापरला नव्हता, पण लागला असेल तर राहू दे. वार्ताहराला पगार द्यायला हवा हे मान्य. त्याने मटा चांगला ठरत नाही.

खडूस काका:
लोकसत्ताही ठरत नाही.

तिरकस:
बिनपगारी, एक सांगा, एवढं सगळं बघितल्यावर तुम्ही स्वतः कुठला पेपर घेता?

बिनपगारी:
घेत नाही. सलूनमध्ये नंबर लावून बसलं की फुकट वाचायला मिळतो. तिथे लोकसत्ता येत नाही आणि मटाही येत नाही, त्यामुळे तुमचं भांडण निवांत चालू द्या.

अर्धविराम:
'डॉक्टरेट'मधला 'ट' पूर्ण लिहिल्याबद्दल सदाशिव पेठींचे आभार.