मुलांनी सायकल चालवायची तरी कुठे?

चिनूची आई (बी-२०३): नमस्कार. काल संध्याकाळी वॉचमनकाकांनी चिनूला पार्किंगमधून वर पाठवलं. सहा वर्षांचं पोर रडत घरी आलं. पार्किंगमध्ये सायकल नको हे सोसायटीच्या सभेत ठरलंय, मान्य. पण रस्त्यावर टँकर, बागेत सायकलला बंदी. मग मुलांनी चालवायची कुठे? त्याला मातीच्या वाटेवर चालवायचीय, डोंगरात. त्याला झेपेल अशी सोपी वाट कोणाला माहीत असेल तर मनापासून सांगा 🙏

सी-५०२: माझ्या गाडीला पुढच्या दारापासून डिकीपर्यंत ओरखडा आहे. त्याचा निर्णय अजून झालेला नाही.

चिनूची आई: काका, ती चिनूची सायकल नव्हती. हे तेव्हाच बोलून झालंय.

सी-५०२: मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

सी-७०३ (अर्जुनचे बाबा): वहिनी, वेताळ टेकडी! एआरएआयच्या, म्हणजे त्या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत जाते, चढ वाचतो. वर सगळं पठार. आणि आता सायकलही बदला. अर्जुनला घेतली तशी घ्या, २१ गिअर, डबल सस्पेन्शन, पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग.

रेवाची मावशी (ए-४०२): अजिबात घेऊ नका. स्वस्तातल्या डबल सस्पेन्शनचं वजन सहज १५ किलोच्या पुढे जातं. चिनूच असेल २० किलोचा. त्याच्या वजनाने ते सस्पेन्शन दबतही नाही, नुसतं ओझं. गिअर बदलायच्या नादात समोरचा दगड दिसायचा नाही.

सी-७०३: अर्जुनला तर काही त्रास नाही.

रेवाची मावशी: अर्जुन अकरा वर्षांचा आहे हो.

नाना (ए-१०१): टेकडी ही पायी फिरणाऱ्यांची आहे. पावसाळ्यात सायकलवाले वाट सोडून शॉर्टकट मारतात, ओल्या मातीत चाकोरी पडते, पुढच्या सरीला त्याच चाकोरीतून पाणी धावतं. उताराला चर खणलेत ते पाणी मुरावं म्हणून. मोठी मुलं त्यावरून उड्या मारतात, बांध ढासळतात. वर्षानुवर्षं बघतोय मी हे.

सी-७०३: नाना, सहा वर्षांचं मूल चरावरून उडी मारणारे का?

नाना: आज नाही मारणार.

सेक्रेटरी: सूचना: मंगळवारी पाण्याची टाकी साफ होणार आहे. सकाळी ११ ते ४ पाणी बंद. कृपया पाणी भरून ठेवावे.

डी-६०४ (सध्या डेन्व्हर, अमेरिका): इकडे ट्रेलला, म्हणजे डोंगरातल्या सायकलच्या वाटांना, रंग असतात. हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा अवघड. बोल्डरला व्हॅलमाँट बाइक पार्क आहे, शहराचं, २०११ पासून. फुकट. लहान मुलांसाठी मातीचे छोटे उंचवटे, पॅडल न मारता अंग वरखाली करून पुढे जायचं. पुण्यात एवढ्या टेकड्या, एक तरी असं हवं होतं.

सेक्रेटरी: साहेब, आपला दोन तिमाहींचा मेंटेनन्स बाकी आहे.

डी-६०४: पर्सनलवर बोलू.

ए-३०१: 😂😂

सी-५०२: ओरखड्याचं काय झालं? तीनदा विचारलं.

चिनूची आई: मी वाट विचारली होती. कोणी उत्तर देणार आहे का?

रेवाची मावशी: देते. रेवाला मी असंच शिकवलं. आधी सायकल बघ: सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. या वयाला १६ किंवा २० इंची चाक, उंचीप्रमाणे. ब्रेकचा दांडा त्याच्या बोटांना पोचतो का ते आधी तपास, बऱ्याच सायकलींचा पोचतच नाही. टायरमधली हवा थोडी कमी ठेव, मुरमावर पकड येते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे सरकलेलं नको. उतारावर सीटवरून उठायचं, दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर, दोन्ही ब्रेक हळूहळू. पुढचा एकटा करकचून दाबला की पोर हँडलवरून पुढे जातं.

चिनूची आई: ताई, खूप उपयोगाचं. आणि वाट?

रेवाची मावशी: वाट रुंद, सपाट, वर मोकळं आकाश. जाताना सोपी वाटली तरी परत यायला दमतात, म्हणून "अजून थोडं" म्हणायच्या आधीच वळायचं. टेकडीचं नानांना विचार. त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.

सी-७०३: नाना तर विरोधात आहेत.

नाना: मी मुलांच्या विरोधात नाही. माझ्या बोलण्याचा विपर्यास करू नये.

नाना: ऐका. एआरएआयच्या बाजूने वर गेलं की वेताळबाबाच्या देवळाकडे रुंद वाट जाते. बऱ्यापैकी सपाट. मुलाला तेवढीच. पंचवटीकडे आणि लॉ कॉलेजकडे उतरणाऱ्या वाटांवर न्यायचं नाही, सुटे दगड आहेत. खाणीच्या कडेला तर मुळीच नाही, तिथे मोठ्यांचाही पाय घसरतो. मूल पुढे, आपण मागे, हाकेच्या अंतरावर. समोरून माणसं आली की सायकलवरून उतरायचं. मोर दिसला तर पाठलाग करायचा नाही.

चिनूची आई: नाना 🙏🙏 तळजाई टेकडी कशी?

नाना: तळजाईलाही सकाळी फार गर्दी. मूल माणसांमध्ये सायकल घालणार आणि बोलणी तुम्ही खाणार. वेताळला पठारावर जागा मिळते. आता जमीन कडक आहे, चाकोरी पडणार नाही. पाऊस पडून गेला की मात्र चार दिवस जायचं नाही, हे कबूल असेल तर मी येतो.

चिनूची आई: कबूल.

ए-३०१: आमची परी पण येईल? तिला अजून बाजूची छोटी चाकं आहेत.

रेवाची मावशी: ती चाकं मुरमावर अडकतात, सायकल कलंडते. काढा. पॅडलही काढा आणि पायांनी ढकलत चालवू द्या, तोल आपोआप येतो.

सी-५०२: म्हणजे ओरखड्याचा विषय बंद का?

सेक्रेटरी: काका, कमिटी मीटिंगमध्ये घेतो. लेखी द्या.

सी-५०२: लेखी दोनदा दिलंय.

सेक्रेटरी: हो, ते माझ्याकडे आहे. शनिवारी नक्की.

नाना: रविवारी सव्वासहाला एआरएआयच्या गेटपाशी. गेटवर वन विभागाच्या माणसाला आधी विचारू. नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही, पायीच फिरू.

सी-७०३: पंप आणि पंक्चरचं सामान मी आणतो. बाभळीचे काटे असतात.

चिनूची आई: सीट खाली करायला पाना लागतोय, आमच्याकडे नाही. कोणाकडे आहे?

सी-७०३: आहे. अर्जुन घेऊन येतोय, दार उघडा.