स्कॉटलंड वेगळं झालं तर उत्खननवाल्यांचं काय?

लीथकर: काल या चर्चेत कुणीतरी ठोकून दिलंय, 'स्कॉटलंड स्वतंत्र झालं की कंत्राटी पुरातत्त्वाचा, म्हणजे बांधकामाआधी बिल्डरच्या पैशाने खणून जुने अवशेष तपासायचा, धंदा बसणार.' वाचून डोकं सणकलं. अहो, बांधकामांचं नियोजन खातं आजही एडिंबराच्या स्कॉटिश सरकारकडेच आहे. बांधकामाआधी खणायचे इथले नियम १९९४ पासून वेगळे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंबद्दलचा इंग्लंडचा १९९६ चा खजिना कायदाही इथे लागू नाही. मग बसणार काय?

चिखलबूट: तो 'कुणीतरी' मीच. कायदा कोण विचारतंय? मी राहतो ग्लासगोत, पण गेल्या वर्षी सात महिने यॉर्कशायरच्या एका शेतात गुडघ्यावर बसून माती खरवडत होतो. कंपनी इथली, काम तिथलं. उद्या चलन वेगळं, कामाचा परवाना वेगळा झाला की मालक मला कशाला नेईल?

लीथकर: आयर्लंड कधीच वेगळं झालं, तरी आयरिश माणूस आजही परवान्याशिवाय इंग्लंडात काम करतो. आणि एडिंबराजवळच्या फोर्थ खाडीवरच्या नव्या पुलाच्या कामात दहा हजार वर्षांपूर्वीच्या घराच्या खुणा सापडल्या, तो पूल इथल्याच सरकारचा ना?

चिखलबूट: आयरिश माणूस करतो, कारण तशी सोय आहे. तुम्हाला ती मिळेलच हे कुणी लिहून दिलंय? आणि पूल एकदाच बांधतात, साहेब. आयर्लंडचंच घ्या. महामार्ग चालू होते तोवर खणायला माणसं पुरेनात, २००८ ला बांधकाम कोसळलं आणि सगळे घरी.

लीथकर: म्हणजे धंदा बसवला मंदीने, स्वातंत्र्याने नाही. तुम्हीच बोललात!

कसबापेठी: ही श्रीमंतांची भांडणं. आमचा वाडा पाडला तेव्हा खणायला आला फक्त जेसीबी. आजोबांच्या वेळची विहीर एका दुपारी बुजवली. खापरं, चिनीमातीचे तुकडे, सगळं राडारोड्याबरोबर डंपरमध्ये. बिल्डरने पैसे द्यायचे, तेही माती चाळायला? पुण्यात सांगून बघा.

ग्लासगोची सून: वाडा बिल्डरला दिला कुणी? भावकीनेच ना? तुमच्या वाट्याला टू बीएचके आला असेलच.

कसबापेठी: वन बीएचके. आणि सहीच्या वेळी मी नववीत होतो, ताई. माहिती नसताना बोलू नये.

ग्लासगोची सून: बरं, चुकलं. पण आमच्या सासऱ्यांनी त्यांच्या वाड्याची सही तीन वर्षं अडवली, शेवटी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. तेव्हा कुठला पुरातत्त्ववाला फिरकला नाही.

लीथकर: विषय स्कॉटलंडचा होता हो!

चिखलबूट: असू दे, वाड्याचं जास्त खरं आहे. कायद्याचं तुमचं मान्य, लीथकर. सोमवारी पहाटे पाचच्या व्हॅनमध्ये तोच कायदा सोबत घेऊन बसतो.