खड्डे नाहीत, पण भेगा पडल्यात : पावसाआधी रस्त्याचं काय करून घ्यावं?

बालाघाट_पायथा

रामराम मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावचा ग्रामपंचायत सदस्य. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून आमच्या गावाला डांबरी रस्ता झाला, त्याला तिसरं वर्ष चालू आहे. खड्डा एकही नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात कडेपासून हातभर आत लांबच लांब भेगा पडल्यात, काही ठिकाणी बोट आत जातंय. साईडपट्टी वाहून गेली, डांबराची कड उघडी पडली. समोरून एसटी आली की मोटारसायकलवाल्याला खाली उतरायची भीती वाटते. ओढ्यावरची नळ्यांची मोरी गाळानं अर्धी भरली.

कंत्राटदाराला फोन केला तर म्हणतो, "खड्डे पडू द्या, मग बुजवून देतो." गावातले जाणतेही म्हणायलेत की चांगल्या रस्त्याला कशाला हात लावायलास. मला हे पटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात झाला तसा पाऊस परत झाला तर हा रस्ता टिकत नाही. आता नेमकं काय करून घ्यावं आणि कुणाला सांगावं?

निवृत्त_शाखा_अभियंता

दादा, अजिबात थांबू नका. खड्डा दिसतो तोवर खालचे थर नासलेले असतात, आणि मग वरून कितीही डांबर ओता, पुढच्या पावसात ते निघतं.

तुमच्या भेगा कशानं पडल्या ते आधी समजून घ्या, म्हणजे कुणी काही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. रस्त्याच्या मधोमध डांबराचं झाकण असल्यामुळे खालची ओल टिकते. कडेची माती मात्र एप्रिल-मेमध्ये वाळून आखडते आणि कडेला धरून लांब भेग पडते. जूनचं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद, बहुतेक ठिकाणी दोन-तीन टक्क्यांवर येतो. मग खडी चिखलात रुतते, चिखल खडीत वर चढतो, दिवाळीच्या सुमारास मगरीच्या पाठीसारखी जाळी दिसायला लागते आणि उसाची वाहतूक सुरू झाली की तिचे तुकडे उडतात. मराठवाड्यातले बरेच रस्ते मी असेच गेलेले पाहिले आहेत.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. साईडपट्टीला चांगला मुरूम, पाणी आणि रोलर, तिन्ही हवं. जेसीबीनं शेजारचीच काळी माती ओढून पट्टी भरतात, ते चालू देऊ नका. पट्टी डांबराच्या कडेला बरोबर भिडली पाहिजे, तिच्यापेक्षा उंच नको, नाहीतर पाणी रस्त्यावरच तुंबतं. डांबराला मधून कडेला साधारण २.५ ते ३ टक्के उतार असतो, पट्टीला त्याहून थोडा जास्त द्यायचा. मोरीची दोन्ही तोंडं मोकळी करून घ्या, नळ्यांतला गाळही काढायला लावा. नुसतं तोंडाशी खरवडून फोटो काढतात.

मग भेगा. तारेच्या ब्रशनं किंवा हवेच्या दाबानं त्यातली माती काढायची. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक भेगेला पातळ इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेलं डांबर, पुरतं. त्याहून रुंद भेगेत इमल्शन आणि क्रशरची बारीक कच कालवून भरायची. रस्ता कोरडा हवा, म्हणून हे काम मे महिन्यातच. कुठे जाळीदार भेगा असतील तर तिथे वरून भरून उपयोग नाही. तेवढा तुकडा चौकोनी कापून, घट्ट थर लागेपर्यंत खोदून, थराथरानं भरून दाबला पाहिजे.

आणि हे फुकट मागत नाही आहात. या योजनेत रस्ता बांधणाऱ्याच्याच करारात पाच वर्षांची देखभाल असते. साईडपट्टी, चर, मोरी, पावसानं पडलेल्या घळी, खड्डे, फलक, सगळं त्यात येतं. "खड्डे पडू द्या" हे उत्तर करारात बसत नाही. देखभालीची बिलं 'ई-मार्ग' प्रणालीतून निघतात आणि त्यासाठी अभियंत्याला जागेवर पाहणी करून फोटो टाकावे लागतात. तुम्ही 'मेरी सडक' ॲपवर भेगांचे आणि मोरीचे फोटो टाका, शिवाय जिल्ह्यातल्या ग्रामसडक योजनेच्या कार्यकारी अभियंत्यांना ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी अर्ज द्या. साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ती जागा किती अंतरावर आहे ते, लिहा, पोच घ्या.

एक गोष्ट मला फार लागते. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीवर मैलमजूर असायचा. भर पावसात फावडं घेऊन तो पाण्याला वाट काढून द्यायचा, पट्टीवरची वेडी बाभूळ लहान असतानाच उपटायचा. माझ्या सेक्शनवरचे मैलमजूर एकेक करून निवृत्त झाले, जागा रिकाम्याच राहिल्या. हे काम रोज थोडं थोडं करायचं असतं. वर्षातून एकदा यंत्र आणून ते होत नाही.

ऊसवाला_ट्रॅक्टर

साहेब, रस्ता खराब झाला की समदे आम्हालाच बोलतेत. दोन ट्रॉल्या भरल्याशिवाय खेप परवडत नाही. पण खरंच ट्रॅक्टरमुळं एवढं होतं का? समोरून गाडी आली की कडेला घ्यावंच लागतंय.

निवृत्त_शाखा_अभियंता

होतं भाऊ, खोटं कशाला सांगू. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक चालवून पाहिले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते. म्हणून ट्रॉलीवर शेवटचे जे थर चढवता, तेच सगळ्यात जास्त नुकसान करतात. तरी सगळा दोष तुमचा नाही. कड मुरमानं नीट बांधलेली आणि खाली कोरडी असेल तर ती बरंच सहन करते. पाऊस लांबला तर पहिल्या खेपा हलक्या भरा आणि जाळी पडलेल्या जागी चाक कडेवर घेऊ नका.

बालाघाट_पायथा

साहेब, आज रस्त्यावरचा योजनेचा माहितीफलक बघून आलो. देखभालीची रक्कम वर्षवार लिहिलेली आहे. गावात कुणालाच माहीत नव्हतं. ठराव मांडतो. आता अडचण चराची. शेतकऱ्यांनी बांधापर्यंत नांगरून चर बुजवलाय, काहींनी शेतात बैलगाडी न्यायला त्यावर माती टाकली. चर उकरला तर पाणी रानात शिरतंय म्हणून भांडायलेत.

निवृत्त_शाखा_अभियंता

त्यांची भीती रास्त आहे. अर्धवट उकरलेल्या चराचं पाणी रानातच जाणार. म्हणून खालून, ओढ्याच्या बाजूनं सुरुवात करा आणि वर चढत या, म्हणजे पाण्याला पहिल्या दिवसापासून वाट असेल. शेतात जायच्या प्रत्येक वाटेखाली सिमेंटची नळी टाका, फावडं आत घालून गाळ ओढता येईल एवढ्या व्यासाची. नळ्यांचा खर्च ग्रामपंचायतीनं उचलला तर वाद निम्म्यावर येतो. उतार कुठून कुठे आहे हे ठरवायला शाखा अभियंत्यांना एकदा जागेवर बोलवा आणि त्या वेळी ते शेतकरीही हजर असू द्या.